किरकोळ मंत्रांना फासा नाही

४ जून

नमस्कार.

'सप्रेम' मुद्दाम गाळलंय, शाई संपलेली नाही. समुपदेशक बाईंनी आपल्या दोघांनाही बजावलंय की फोनवर बोलायचं नाही, कारण फोनवर आपण बोलत नाही, भुंकतो. म्हणून लिहितेय. आणि टपालाने पाठवतेय, कारण खारूच्या दप्तरात चिठ्ठी घालून पोरीला आपली पोस्टमन करायची माझी तयारी नाही.

विषय वकिलाचा नाही, घाबरू नकोस. विषय तुझ्या खेळाचा आहे.

दर शनिवारी आपली लेक तुझ्याकडे येते आणि तू तिला तुझ्या त्या जेवणाच्या टेबलाशी बसवतोस, जिथे जेवण सोडून सगळं होतं. नकाशे, मेणबत्त्या, फासे आणि तुझी ती नियमांची जाडजूड फाईल. प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, आणि त्याचं जमलं की फसलं ते फासा ठरवणार. दंतवैद्य कुऱ्हाड घेऊन योद्धा होतात. विमा एजंट चोर होतो, शोभतं त्याला. ग्रंथपाल बाई सगळ्यांच्या जखमा बऱ्या करतात. तू सूत्रधार, म्हणजे राक्षसही तूच, राजाही तूच आणि पाऊस पाडणाराही तूच. आणि खारू जादूगार. ते तिने स्वतः निवडलं. टोपीसुद्धा शिवून घेतली माझ्याकडून, माझ्या शिवणकामाच्या दुकानात उरलेल्या अस्तराची.

आता तुझाच नियम तुला वाचून दाखवते. नव्या जादूगाराला दिवसाला मंत्र दोन, एक आगीचा आणि एक झोपेचा. वापरले की संपले. पुन्हा मिळतात ते रात्रभर झोप झाल्यावर, आणि ही रात्र खेळातली. तुझ्या खेळातला एक दिवस कित्येक शनिवार चालतो. पोरीने पहिल्याच दारातल्या वटवाघळांवर आग टाकली, पुढच्या दारातल्या पहारेकऱ्याला झोपवलं आणि झालं. त्यानंतर तिची पाळी आली की ती म्हणते, "मी दगड मारते." दगड लागत नाही. तू म्हणतोस, "पुढचा कोण?" मग तिने सगळ्यांच्या पेन्सिलींना टोक काढून दिलं. त्यानंतरच्या शनिवारी बिस्किटं ताटलीत गोल रचली.

हे तिने मला सांगितलेलं नाही. ती घरी येऊन "मजा आली" एवढंच म्हणते. तो आवाज मी ओळखते. तुझी आई महिनाभर राहायला आली की मी "छे, त्रास कसला" ज्या आवाजात म्हणायचे, तोच. बाकीचं मला दंतवैद्यांनी सांगितलं. त्यांच्या सगळ्या पँटी कमरेत सैल करायला माझ्याकडेच येतात.

गेल्या शनिवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. ताप नाही, उलटी नाही, काही नाही. मी म्हटलं, मग नको जाऊस आज. तर डोळ्यांत टचकन पाणी. "मग बाबा कधी भेटणार?" खरंच आहे तिचं. एरवी तुझ्या तोंडून दोन शब्द काढायचे म्हणजे पकड लागते. त्या टेबलाशी बसलास की मात्र तू बोलतोस, हसतोस, आवाज बदलतोस. तिला तिथलाच बाबा हवाय. पण अशी नुसती बसत राहिली ना, तर ती यायची थांबेल. आणि एकदा थांबली की तू तिला आणायला येणाऱ्यातला नाहीस, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

माझं काय, माझा शनिवार मोकळा होईल. पण तिचा तुझ्यावर जीव आहे. हे लिहिताना मला दात आवळावे लागतायत, तरी लिहितेय.

मागणं एवढंच की जादूगाराला चार किरकोळ मंत्र दे. नखाएवढे. म्हणजे पाळी आली की पोरीकडे करायला काहीतरी असेल.

कळावे. लोभाचं तुझं तू बघ.

खारूची आई


१५ जून

तुझं कार्ड मिळालं. "समतोल बिघडेल. चोराची हरकत येईल." वर तारीख, खाली सही, फक्त शिक्का मारायचा राहिलाय. दिवसभर दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासून माणूस असा होतो, की असलाच माणूस ते खातं शोधत जातो, हे मला एवढ्या वर्षांत कळलं नाही.

कोणाचा समतोल रे? दंतवैद्य दर पाळीला कुऱ्हाड फिरवतात, ती काही संपत नाही. चोर दर पाळीला कुलूप उघडतो. आणि ज्याने म्हणे आयुष्यभर मनोऱ्यात बसून विद्या केली, तो दोन मंत्र झाले की दगड मारतो! एवढं शिकून त्याला साधी काडी पेटवता येत नाही? माझ्याकडे एक कारागीर आहे, सूट शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सूट येतो कधीमधी. म्हणून तो बाकीचे दिवस हातावर हात ठेवून बसत नाही. बटणं लावतो, चेनी बदलतो, उसवलेली शिवण घालतो. आणि ते करताना शीळ घालतो.

तुला सुचत नसेल तर आम्ही सुचवतो. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर खारू आणि मी कापायच्या टेबलाशी खडू घेऊन बसलो. आमचं ठरलंय ते असं. किरकोळ मंत्राने कोणी मरत नाही, कोणाला लागत नाही, खजिना सापडत नाही. पण तो हवा तितक्या वेळा म्हणता येतो आणि तो चुकत नाही. त्याला फासा टाकायचा नाही. सगळी गंमत त्यातच आहे. मोठ्या लढाईत माणूस हरला तर समजू शकतं. पण सुईत दोरा ओवायलाही नशीब लागायला लागलं तर कोण घराबाहेर पडेल?

तर पहिला मंत्र बोटाच्या टोकावर काडीएवढा उजेड पाडायचा. मग ओला कपडा वाळवायचा, एका वेळी एकच, आणि मोजा असेल तर एकच मोजा. हे कलम खारूचं. गार झालेला चहा गरम करायचा, हे माझं, का ते तुला विचारायला नको. सुटत नसलेली गाठ सोडवायची. कुत्र्याला जांभई आणायची, म्हणजे जांभई संपेपर्यंत त्याला भुंकता येणार नाही. इथे ती इतकी हसली की खडू एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर पडला आणि मला अर्धा तास ब्रश मारत बसावं लागलं.

शेवटचा कुजबुज. तो अख्खा तिचा आहे. समोर दिसणाऱ्या कोणाही माणसाच्या कानात एक वाक्य पोहोचवायचं, मध्ये कितीही गोंगाट असो. ऐकणाऱ्याला वाटलं तर तो एका वाक्यात उत्तर देऊ शकतो. मी विचारलं, हा कशाला गं? तर म्हणाली, "लढाईत फार आरडाओरडा असतो, आई." मी तो यादीत लिहून घेतला.

मीही त्या टेबलाशी जादूगार होते, आठवतंय? नवीन लग्न झालं होतं, चार खुर्च्या होत्या आणि पाचवी व्यक्ती म्हणून मी स्टुलावर. मीही हेच मागितलं होतं. तू म्हणालास, जादूगाराने शक्ती जपून वापरायची असते. मी इतकी जपून वापरली की शेवटी उठून आत गेले, चहा ठेवला, भांडी घासली, आणि कुठल्याच पाळीला तुमच्यापैकी कोणी "जादूगार कुठाय" असं विचारलं नाही. माझं जाऊ दे, मी मोठी होते, माझा राग मला पेलला. तिला स्टुलावर बसवू नकोस.

कळावे, आणि या वेळी दोनापेक्षा जास्त वाक्यं लिहावी.

खारूची आई


३ जुलै

धन्यवाद.

हा शब्द कापून फ्रेम करून ठेव, पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. पण केलंस ते चांगलं केलंस. आमचे सहाच्या सहा मंत्र तू टाईप करून फाईलला लावलेस, वर "जादूगारांसाठी किरकोळ मंत्र" असं शीर्षक दिलंस, आणि मोज्याचं कलमसुद्धा गाळलं नाहीस, हे तिने मला जिन्यातूनच ओरडून सांगितलं.

शनिवारी ती घरात शिरली ती बोलतच. चपला काढताना बोलत होती, तोंड धुताना बोलत होती, साबणाचा फेस तोंडात गेला तरी थांबेना. नदीत भिजलेला नकाशा म्हणे तिने वाळवला. कैद्याचे दोर सोडवले. आणि तो तुझा दोन तोंडांचा कुत्रा, ज्याच्यासाठी तू आठवडाभर खपून गुहा काढली होतीस! तिने एका तोंडाला जांभई आणली, मग दुसऱ्याला आणली, आणि सगळे त्याच्या पुढ्यातून चवड्यांवर निघून गेले. दंतवैद्य म्हणाले, "अरे, ही पोरगी तर लय कामाची निघाली!" आणि तू हसलास. हे तिने मला तीन वेळा सांगितलं. "बाबा हसला, आई. खरा हसला."

मी भाजी चिरत होते. म्हटलं, बरं झालं. कांद्याचं निमित्त होतं, नाहीतर तिला दिसलं असतं.

पोट दुखायचं थांबलंय. शनिवारी माझ्या आधी उठते आणि टोपी घालूनच दात घासते. तेव्हा जे चाललंय ते असंच चालू दे. यात आणखी काही सुधारायला जाऊ नकोस, एवढी मेहेरबानी कर.

कळावे. थोडा लोभ या खेपेला देते.

खारूची आई


२२ जुलै

तुला हात आवरत नाही ना?

पोरगी शनिवारी आली आणि टोपी खुंटीला लावून गप्प बसली. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आता फासा टाकायचाय, तो वीस बाजूंचा. अकरा किंवा जास्त पडले तर मंत्र लागतो." कशाला? काडी पेटवायला! गाठ सोडवायला! म्हणजे निम्म्या वेळा तिचं बोट तसंच अंधारात. त्या दिवशी म्हणे चारदा टाकला, चारही वेळा कमी पडला, आणि विमा एजंट म्हणाला, "राहू दे, मी मशाल आणलीय."

का बदललंस ते मला माहीत आहे, समतोलाचं सोंग माझ्यापुढे नको. तुझा कुत्रा भुंकला नाही, हे तुला झोंबलं. आठवडाभर खपून केलेली गुहा एका शेंबड्या पोरीने जांभईवर पार केली. सगळे हसले, तूही हसलास, आणि सगळे घरी गेल्यावर फाईल उघडलीस. तुझं नेहमीचंच आहे. आधी हसायचं, मग नियम करायचा. आपल्या घरातही असंच होतं. मी पडद्याचा रंग तुला न विचारता बदलला तेव्हाही तू आधी हसला होतास.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय. पण तिच्यासाठी तोंडावर ताबा ठेवून एक विनंती करते. बाकीच्या मंत्रांना फासा लावायचा तर लाव, चोराचं पोट भरू दे. कुजबुज मोकळा ठेव. तो तिने अजून वापरलेला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "राखून ठेवलाय." कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मीही अंदाज करायचं टाळतेय. तूही टाळ, पण त्याला फासा लावू नकोस. एक वाक्य आहे रे ते. त्याने तुझा कुठला राक्षस मरणार आहे?

उत्तर दे. कार्डावर दे, पाठकोऱ्या कागदावर दे, पण दे.

खारूची आई


१२ ऑगस्ट

उत्तर आलं नाही. तेच उत्तर, हे मला कळायला हवं होतं.

काल दंतवैद्य पँट घ्यायला आले. या वेळी खालून लांबी कमी करायची होती, म्हणून मी त्यांना चौरंगावर उभं केलं आणि गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होते. ते माणसांचे दात उपटतात, त्यांचा आवाज सहसा कापत नाही. काल कापत होता. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला खारूने शनिवारचं सांगितलं का?" मी म्हटलं, ती म्हणाली मजा आली. ते चौरंगावरून खाली उतरले. मग म्हणाले, "टाचण्या बाजूला ठेवा आधी."

त्यांनी सांगितलं ते तुला पुन्हा सांगते, कारण तू तिथे होतास याची मला खात्री नाही.

लढाई चालली होती. सगळे एकदम ओरडत होते. तिची पाळी आली. ती म्हणाली, "मी कुजबुज म्हणते." तू विचारलंस, कोणाच्या कानात? ती म्हणाली, "सूत्रधाराच्या." सगळे हसले, ग्रंथपाल बाई म्हणाल्या, असं थोडंच चालतं बाळा. तू हसला नाहीस. तू फाईल उघडलीस. पान काढलंस, बोट फिरवलंस, आणि म्हणालास, "समोर दिसणारा कोणीही माणूस. बसतंय नियमात. बोल."

ती बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण दंतवैद्यांना ऐकू आलं, ग्रंथपाल बाईंना ऐकू आलं, सगळ्यांत लांब बसलेल्या विमा एजंटलाही ऐकू आलं.

आणि तू म्हणालास, "फासा टाक."

ज्याच्या तक्रारीचं नाव पुढे करून तू हा फासा लावलास, तो विमा एजंटच म्हणाला, "अरे, सोड ना आता फासा." तू म्हणालास, नियम सगळ्यांना सारखा. तिने टाकला. सात पडले. तू फाईल मिटलीस आणि म्हणालास, "ऐकू आलं नाही. पुढचा कोण?"

दंतवैद्य म्हणाले, "वहिनी, त्यानंतर माझ्याच्याने कुऱ्हाड उचलवली नाही."

काल रात्री जेवताना मी तिला हळूच विचारलं. तर ती तुझी वकिली करायला लागली! "बाबाचं काही चुकलं नाही, आई. सात पडले ना. अकरा लागतात." आणि मग ताटातल्या घासाशी खेळत म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी दुकानात आले तर चालेल? बटणांचे डबे लावून देईन."

एवढी वर्षं मला वाटायचं, एक दिवस ती तुला सोडेल आणि त्या दिवशी मला कुठेतरी गार वाटेल. तो दिवस आला. मला काही गार वाटलं नाही. आज दुपारी दुकानात एकटी होते, दंतवैद्यांच्या पँटीवरच रडले, आणि मग इस्त्री फिरवून डाग काढले.

तुझ्या फाशाने तुला ऐकू दिलं नाही, म्हणून टपालाने पाठवतेय. टपालाला फासा लागत नाही, तिकीट लागतं, ते मी लावलंय. ती म्हणाली होती,

"बाबा, मी येते ते तुला आवडतं का?"

खारूची आई


३० ऑगस्ट

तुझं पाकीट पोहोचलं. जाड होतं म्हणून मलाही उगाच आशा वाटली. मी ते उघडलं नाही. वर तिचं नाव होतं, मी तिलाच दिलं.

आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, चुरगळू नये म्हणून जपून ठेवलेलं, एक पान निघालं. टाईप केलेलं, समास सोडलेला, कडेला फाईलची भोकंसुद्धा पाडलेली. "सुधारणा. किरकोळ मंत्रांना फासा नाही. ही सुधारणा मागील तारखेपासून लागू समजावी." खाली सही.

मी कपाळावर हात मारला. पण ती तुझी लेक आहे, तिला तुझी भाषा येते. तिने ते दोनदा वाचलं आणि ताडकन उभी राहिली. "आई! मागच्या तारखेपासून! म्हणजे फासा नव्हताच. म्हणजे त्याला ऐकू आलं!" खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली तिने. किती दिवसांनी घातली.

मग तिने पान उलटून पाठची बाजू पाहिली. कोरी होती. पुठ्ठे वेगळे करून मध्ये पाहिलं. मग पाकीट उलटं धरून झटकलं, आणि आत हात घालून कोपरे चाचपले.

मी मशीनवर होते. ते थांबवलं मी. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, दुसरं पान टाकायचं राहिलं असेल गं त्याचं. तुझ्यासाठी मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले, तुझ्या आईशी, माझ्या आईशी, शेजाऱ्यांशी. एवढं अवघड कधी गेलं नव्हतं.

शनिवारी ती तुझ्याकडे येणार नाही. दुकानात असेल. माझ्याकडून बंदी नाही, बंदी असती तर तू त्या बंदीविरुद्ध कोर्टात अर्ज केला असतास आणि तुला बरं वाटलं असतं. दुकानाचं दार उघडं असतं. तू नियम बदलू शकतोस हे कळलं. वाक्य बोलू शकतोस का, ते मला माहीत नाही, आणि यापुढे तुला लिहून विचारणारही नाही.

तिने माझं खोटं ओळखलं असावं. टोपी काढून घडी घातली, ते पान नीट पुठ्ठ्यांमध्ये परत ठेवलं, आणि बटणांचे डबे पुढ्यात ओढले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकणाऱ्याला वाटलं तर, असं आपणच लिहिलंय ना, आई. त्याला नसेल वाटलं."

कळावे.

खारूची आई